दोन अँटिव्हायरसचा मान

आमच्या घरच्या कंप्युटरवर दोन अँटिव्हायरस होते असं सांगितलं की शहाणी माणसं हसतात. हसू द्या. त्यांना एका बाजूला भासरे आणि दुसऱ्या बाजूला सख्खा भाऊ सांभाळावा लागला नसेल.

भासरे म्हणजे श्रीकृष्ण भाऊजी, आमच्या ह्यांचे थोरले भाऊ. वणीतच राहतात, नोकरीतून रिटायर झाल्यापासून कंप्युटर हाच त्यांचा छंद. आमच्याकडे कंप्युटर आला त्याच दिवशी त्यांनी एक अँटिव्हायरस टाकून दिला. पुढे दिवाळीला घाटंजीहून माझा धाकटा भाऊ मंदार आला. त्याने नाक मुरडलं, "ताई, हा काही कामाचा नाही," आणि आपल्या पसंतीचा दुसरा टाकला. आता पहिला काढावा तर भाऊजींचा अपमान, दुसरा काढावा तर माझ्या माहेरचा. आमचे हे, चारुदत्त, म्हणजे लग्नात दोन्हीकडच्या पाहुण्यांना एकाच गठ्ठ्यातला दुपट्टा देणारा माणूस. म्हणाले, "राहू दे दोन्ही. एकापेक्षा दोन पहारेकरी बरे." कंप्युटर तेव्हापासून रडतखडत चालायचा. दोन घरचा पाहुणा उपाशी, दुसरं काय.

त्या रविवारी माझ्या स्पृहाचा बुद्धिबळाचा सामना होता. नववीतली पोरगी. विभागाच्या संघात एकच जागा उरली होती. ती हिला की अकोल्याच्या मुलीला, हे ऑनलाइन तीन डावांत ठरणार होतं. घरूनच खेळायचं, पण मोबाईल चालणार नाही, कॅमेरा असलेला कंप्युटरच हवा, आणि घरच्यांनी मागे गप्प बसायचं असा नियम. भाऊजी सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून आले. मंदारही पहिल्या गाडीने हजर. मला तर आनंदाने काही सुचत नव्हतं. पोह्यात मीठ घातलं की नाही, ते आजही सांगता येणार नाही.

पहिला डाव सुरू झाला आणि पोरगी सुटलीच. मला खेळातलं फार कळत नाही, पण समोरचीचा राजा कोपऱ्यात दडलाय आणि आमचा वजीर त्याच्या दारात उभा आहे, एवढं मलाही दिसत होतं. आणखी एक चाल, की संपलं.

तेवढ्यात पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र आलं. आतला पंखा घरघरायला लागला. स्पृहा माऊस हलवत राहिली, पण काहीच हलेना. कोपऱ्यात दोन चौकटी उगवल्या. भाऊजींचा अँटिव्हायरस सांगत होता की मंदारचा प्रोग्राम संशयास्पद आहे, आणि मंदारचा सांगत होता की भाऊजींच्यापासून धोका आहे. इतकी ठळक अक्षरं, की मागच्या सोफ्यावरून दोघांनीही वाचली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सरकून बसले. चक्र थांबलं तेव्हा पोरीची वेळ संपलेली होती. जिंकत आलेला डाव ती हरली.

आता उरलेले दोन्ही डाव जिंकल्याशिवाय जागा मिळणार नव्हती. मध्ये थोडी सुटी होती. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"काहून अडकलं हे?" ह्यांनी विचारलं.

"बाबा, दोघं एकमेकालेच चोर समजून राह्यले," स्पृहा म्हणाली. "कोणतीबी फाइल उघडली की एक तिले पकडते, दुसरा त्याले पकडते. दोन नाही चालत एका घरात."

मग जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं.

"माह्यंच काढून टाका," भाऊजी छताकडे पाहत म्हणाले. "म्हाताऱ्याचं कोन आयकते आता."

"नाही नाही दादा, माझंच काढा," मंदार म्हणाला. "आम्ही पडलो मुलीकडचे."

आमच्याकडे 'माझं काढा' याचा अर्थ 'हात तर लावून दाखवा' असा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ह्यांचा हात माऊसपर्यंत गेला आणि परत आला. "दादा, तुम्ही असं नका बोलू. मंदार, तुमी बी..." असं ह्यांचं सुरू झालं. सुटी संपत आली होती. मी पदराचं टोक पिळत उभी होते आणि मनात म्हणत होते, अहो, एक कोणतं तरी काढा, माझ्या पोरीचा डाव जातोय.

स्पृहाने एकदा घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही काढून टाकले. आधी एक, मग दुसरा. कोणाला विचारलं नाही. "विंडोजचा स्वतःचा पहारा असते," ती मागे न बघता बोलली, "तो आता उठन." कंप्युटर बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि देवा शप्पथ सांगते, इतका चपळ मी त्याला कधीच पाहिला नव्हता.

भाऊजी आणि मंदार सोफ्याच्या दोन टोकांना जाऊन बसले.

दुसरा डाव तिने हां हां म्हणता घेतला. तिसरा मात्र लांबला. प्यादी संपत आली, दोघींकडे एकेक हत्ती उरला. सोफ्यावर रुसून दोन टोकांना बसलेले दोघं कधी मध्ये सरकले कळलं नाही. भाऊजींनी मंदारचा गुडघा गच्च धरला होता. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा स्पृहाचं एक प्यादं शेवटच्या घरात जाऊन वजीर झालं होतं, आणि अकोल्याच्या मुलीने हार मानली होती.

मग काय, नुसता कल्ला. मी चहा करून आणेपर्यंत हे उड्या मारत होते. भाऊजी उभे राहिले, सदरा खाली ओढून आशीर्वादाला तयार झाले. त्यांच्या शेजारी मामाही तयार. पोरीने आधी कोणाच्या पाया पडायचं, हा आमच्या घरात पुढची दहा वर्षं पुरेल असा प्रश्न होता.

स्पृहा उठली, त्या दोघांच्या मधून सरळ चालत स्वयंपाकघराच्या दाराशी आली, जिथे मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, आणि वाकली. या घरात इतकी वर्षं मी सगळ्यांचा मान सांभाळत आले. ट्रे खाली ठेवायचं भान मला राहिलं नाही. चहा सांडला, आणि मी सगळ्यांसमोर मोठ्याने रडले.