तानूबाईंचं चॅनेल

रूपाली गल्लीला पुरवायची त्या केबलवर एक चॅनेल असं होतं, की ते आकाशातून यायचंच नाही. गच्चीवरच्या खोलीत खडूनं लिहिलेला फळा आणि त्याच्यापुढं लग्नाच्या शूटिंगमधून निवृत्त झालेला कॅमेरा, एवढाच त्याचा संसार. कुठं किती वाजता काय लागणार, ते रूपाली रोज त्यावर लिहायची आणि मागं गाणी लावून ठेवायची. कोल्हापुरात तालमीच्या फळ्यावर लिहिलेलं सगळे वाचतात, मग केबलचा फळा का वाचणार नाहीत, असा तिचा सरळ हिशोब.

दोन हजार सहा साली फुटबॉलचा वर्ल्डकप आला आणि या संसाराला नजर लागली. फुटबॉलचा संघ बाळगणाऱ्या तालमीचा आकाराम दारात येऊन सांगून गेला, "वयनी, मॅच दिसाय पायजेत. न्हायतर आमी तालमीवर डिशची छत्री बसवतो. डिश कंपनीचं पावणं येऊन गेल्यात."

तालमीनं छत्री घेतली की अख्खी गल्ली घेणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. नवऱ्याची शिरोलीतली फौंड्री बंद पडल्यापासून घर या वायरीवरच चाललं होतं. आणि वायर जुनी. तिच्यात मावतील तेवढीच चॅनेलं; एक जास्तीचं घातलं की शेवटच्या घरांत पडद्यावर मुंग्याच मुंग्या. फुटबॉल आणायचा तर एकाला घालवायलाच हवं होतं.

रूपालीनं भाबडेपणानं फळ्यावर लिहिलं, "कोणतं चॅनेल काढू?" झालं! बायका म्हणाल्या बातम्या काढ, पुरुष म्हणाले मालिका काढ. ज्याला त्याला दुसऱ्याचंच नको होतं. फोन वाजून वाजून बेजार. संध्याकाळी निकाल लिहिते म्हणाली, तर सगळी गल्ली फळ्याकडं डोळे लावून बसली. या गडबडीत वायरी उपसताना गाण्यांची वायर निघाली आणि कॅमेऱ्याच्या माइकचा आवाज चॅनेलवर जायला लागला, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

तेवढ्यात सासूबाई, तानूबाई, चहा घेऊन वर आल्या.

"माझं काढ की गं. ते जुन्या शिनिमांचं."

"आत्ती, तुमाला दुपारचं दुसरं काय हाय?"

"बघून बघून पाठ झाल्यात. डोळं मिटलं तरी दिसत्यात. तू पावसात खांबावर चढतीस, माझा जीव टांगणीला लागतो. हे ह्या गल्लीला दिसत न्हाय व्हय?"

रूपालीला भरून आलं. "आत्ती, लोक जाणार. मला न्हाय जमणार आता," म्हणत ती सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

जिन्यावर पावलं वाजली. आकाराम आणि तालमीची चार पोरं दारात उभी. कुणी वर बघेना.

"वयनी, समदं ऐकाय आलं गल्लीला," आकाराम म्हणाला. रूपालीला धरणी दुभंगावी असं झालं. "मावशीचं शिनिमं काढायचं न्हाय. मावशी बघत्यात दुपारी, मॅच सांच्याला. एकाच नंबरावर दोनी ऱ्हाऊ देत की!"

एका नंबरावर एकच चॅनेल, हे रूपालीला लग्नाएवढं पक्कं वाटायचं. "पण रोज वायर बदलाय माणूस पायजे. सांच्याला मी दुरुस्तीला भाईर असते."

"मग तालीम कशाला हाय? पाळ्या लावतो."

दुसऱ्या दिवशी बायकांचा निरोप आला: फळा राहू दे, पण काय लागणार ते तानूबाईंनी तोंडानं सांगावं, आमच्यातल्या बऱ्याच जणींना वाचता येत नाही. तानूबाईंनाही येत नव्हतं. रूपाली कानात सांगायची आणि त्या ठसक्यात गल्लीला सांगायच्या, मध्येच कुणाच्या सुनेची तब्येतही विचारायच्या.

आठवड्यानं कंपनीचा माणूस छत्री घेऊन तालमीपुढं उभा राहिला. शंभर चॅनेलं, बटण दाबलं की पडद्यावर यादी, असं बरंच सांगत होता. आकारामनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते खरं हाय, पावणं. पर तुमच्या छत्रीत तानूमावशी हाय का?"

समोरच्या खांबावर चढलेल्या रूपालीच्या हातून पक्कड निसटली. ती उचलून वर द्यायला कंपनीचा माणूसच पुढं झाला.