जपानी नवऱ्याचा शब्द

यशश्रीने रिमोट पुढे धरला आणि जपानी नवऱ्याचं तोंड पुन्हा अर्धवट उघडं राहिलं. बाराव्यांदा. तो दारात बूट काढत होता, बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, आणि तो जे दोन शब्द बोलत होता त्यांना मराठीत काय म्हणावं हे काही केल्या ठरत नव्हतं. वहीत तिने आधी 'लवकरच' लिहिलं होतं. ते खोडून 'कधीतरी'. तेही खोडून 'सवड मिळाली की'. अर्थ तिन्हींत बरोबर होता, पण माणूस असं बोलत नाही.

'सोनो उची' एवढेच ते शब्द. पावणेदोन तासांच्या चित्रपटात तो ते नऊ वेळा म्हणतो.

ही डिस्क विश्वेशच्या फिल्म सोसायटीला फुकटात मिळाली होती. सातपूरच्या एका कारखान्यात दोन वर्षं राहून गेलेल्या जपानी इंजिनिअरने मायदेशी जाताना सोसायटीतल्या किशोरच्या हाती खोकंभर डिस्क ठेवल्या. त्यातली ही एक. इंग्रजी अक्षर औषधालाही नाही. विश्वेश विमा कंपनीत अधिकारी आणि सोसायटीचा सचिव. "आमच्या हिला जपानी येतं बरं का," असं तो गेली सात वर्षं पाहुण्यांना सांगत आला होता. त्या जपानीचं करायचं काय, हा प्रश्न पाहुण्यांनीही विचारला नव्हता आणि त्यानेही. आता पहिल्यांदाच गरज पडली.

"हॉलमध्ये माइकवर बसून वाक्यं सांगशील?" त्याने विचारलं, आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणाली होती.

चित्रपट हाताने काढलेल्या चित्रांचा होता, पण त्यात ना बोलणारे प्राणी होते ना उडणारी मुलं. एका वसाहतीतलं पाचव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि त्यात सुमिए नावाची बाई. ती तांदूळ धुते, पाणी ओतते, ओटा पुसते. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी अडकून बसली आहे, ती तेवढी दुरुस्त करा म्हणते. नवरा म्हणतो, सोनो उची. गावाकडे बहीण आजारी आहे, भेटून येऊ का, म्हणते. सोनो उची. नवरा वाईट नाही. तो हात उगारत नाही, दारू पीत नाही, पगार आणून हातात ठेवतो. एक दिवस बहीण गेल्याचं पत्र येतं. शेवटी हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी नवरा नवी कडी कागदात गुंडाळून घेऊन येतो, दार उघडतो, आणि जिन्यात गॅसचा वास येतो. ते घडलं की तिने घडवलं, हे चित्रपट सांगत नाही. पडद्यावर नुसती ती कागदातली कडी राहते.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा यशश्रीला रडू आलं ते शेवट पाहून नव्हे. सुमिए तांदळाचं पाणी ओतताना चार बोटं कडेला धरते, एक दाणासुद्धा जाऊ नये म्हणून, आणि मग ओली बोटं एप्रनला नव्हे, बाहीला कोपराजवळ पुसते, कारण एप्रन नुकतंच धुतलेलं असतं. एखादी नटी असती तर ते तिने केलं असतं. इथे कुणीतरी माणसाने बसून, एकामागून एक शेकडो कागदांवर, ती ओली बोटं काढली होती. म्हणजे त्याआधी त्याने कुठल्यातरी बाईला ओट्यापाशी तितकं निरखून पाहिलं असणार. तिला त्या बाईचा सरळ सरळ हेवा वाटला.

टीव्हीशेजारच्या फुलदाणीखाली पुण्याहून आलेलं पत्र होतं. एका कंपनीला दुभाषी हवी होती. फोनवर मुलाखत झाली होती, त्यांना ती पसंत होती, आणि सोमवारी सकाळी त्यांच्या बाईंचा फोन येणार होता. सोमवार ते शुक्रवार पुणे, शनिवार-रविवार नाशिक. पत्र वाचून विश्वेश म्हणाला होता, "अरे वा! छानच. बघू."

जपानीच्या परीक्षेची वरची पातळी द्यायची होती तेव्हाही तो असंच म्हणाला होता. घरी शिकवणी सुरू करायची होती तेव्हाही. नाही म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. पण तो कधी नाही म्हणालाच नाही, आणि सात वर्षं गेली.

तिने रिमोटचं बटण दाबलं. नवऱ्याचं तोंड हललं. तिने वहीतले तिन्ही शब्द खोडले आणि वर एकच लिहिला. मग बाकीच्या आठ ठिकाणीही तोच लिहिला.

वही तिने चोरून ठेवली नाही. बुधवारीच त्याच्या हातात दिली.

"मराठी जरा नजरेखालून घालतोस का?"

"रविवारच्या आत? बघू," तो म्हणाला, आणि वही वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर ठेवली. शनिवारी तिने ती नव्या वर्तमानपत्रांखालून काढली.

रविवारी सकाळी दहाला शाळेच्या हॉलमध्ये सत्तर-ऐंशी माणसं जमली. काळे पडदे ओढले होते. किशोर त्याच्या दोन्ही मुलींना घेऊन आला होता. डिस्क त्यानेच आणलेली, पण कार्टून म्हटल्यावर ते मुलांचंच असणार असं त्याने धरलं होतं. यशश्री कोपऱ्यात टेबलापाशी बसली. समोर वही, छोटा दिवा, माइक. विश्वेश प्रोजेक्टरजवळ.

पहिल्यांदा नवरा बूट काढत बोलला आणि यशश्रीने माइकवर सांगितलं, "बघू."

हॉलमध्ये खसखस पिकली. बायकांच्या बाजूला जरा जास्तच. दुसऱ्यांदाही लोक हसले. तिसऱ्यांदा नवऱ्याने तोंड उघडताच मागून कुणीतरी तिच्या आधीच म्हणालं, "बघू!" विश्वेशही हसला, ते हसणं तिने अंधारातही ओळखलं. अर्ध्या तासाने किशोरची धाकटी मोठ्याने म्हणाली, "बाबा, हिचं काही होतच नाहीये," आणि तो मुलींना घेऊन बाहेर गेला. बहीण गेल्याचं पत्र येईपर्यंत हसणं बंद झालं होतं. नवव्यांदा यशश्रीचा आवाज इतका खाली गेला की पुढच्या रांगेतल्या लोकांनी माना पुढे केल्या. मग जिना, वास, कागदातली कडी. पडदे बाजूला केले तरी कुणी लगेच उठलं नाही.

रसग्रहण नेहमीप्रमाणे विश्वेशने केलं. तो बोलायचा चांगलं आणि मनापासून.

"या बाईच्या घराला कुलूप नाही," तो म्हणाला. "कुणी तिला मारत नाही, कोंडत नाही. नवरा आवाजसुद्धा चढवत नाही. आणि तरी तिला बाहेर पडता येत नाही. हे दाखवायला दिग्दर्शकाने काय वापरलं? एक खिडकी आणि एक साधा शब्द."

यशश्री वहीच्या पानाकडे बघत राहिली. त्याचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि ते बोलताना त्याला काहीही टोचत नव्हतं. ओरडावं असं तिला वाटलं. ती उठून ग्लासात पाणी ओतून घेऊन आली.

मालिनीताई हात वर करून उभ्या राहिल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, प्रत्येक चित्रपटानंतर एक तरी प्रश्न विचारणाऱ्या.

"यशश्री, ते 'बघू' फार सुंदर जमलंय गं. जपानीतही असंच म्हणतात?"

"नाही. 'सोनो उची' म्हणतात. म्हणजे लवकरच, कधीतरी."

"मग 'बघू' कसं सुचलं?"

यशश्रीने वहीचा कोपरा दुमडला, सरळ केला.

"ऐकून ऐकून," ती म्हणाली.

मालिनीताईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि त्या खाली बसल्या. विश्वेश माइकची वायर सोडवत होता.

"सचिवसाहेब," मागच्या रांगेतून यज्ञेश्वरकाका म्हणाले, "याच दिग्दर्शकाचा आणखी एखादा आणा की पुढच्या महिन्यात!"

"हो हो," विश्वेश माइकवर म्हणाला, "बघू."

सगळा हॉल हसला. ऐंशी माणसं एकदम, मोकळेपणाने, खुर्च्या वाजवत. विश्वेशही सवयीने हसायला लागला, आणि हसता हसता मध्येच थांबला. आपण काय विनोद केला हे तो आठवत होता. मग ते त्याला आठवलं. माइक हातात तसाच राहिला. आभार मुलींना घरी सोडून परत आलेल्या किशोरने मानले.

बाहेर ऊन चढलं होतं. स्कूटर कडुनिंबाच्या सावलीत लावली होती, ती सावली आता सरकली होती. विश्वेशने सीटवर हात ठेवून पाहिला, रुमालाने सीट पुसली, मग पुन्हा पुसली. यशश्री वही छातीशी धरून उभी होती. घरी पोचल्यावर विचारू, असं तिने दोन आठवडे ठरवलं होतं. घरी पोचल्यावर जेवण असतं, मग तो जरा पडतो, मग चहा.

"विश्वेश, उद्या सकाळी पुण्याच्या बाईंचा फोन येईल," ती म्हणाली. "काय सांगू?"

त्याने मान वर केली. ओठ एकमेकांवर टेकले, उघडले आणि तसेच राहिले. यशश्रीने घाई केली नाही. पंधरा दिवस ती एका माणसाचं असंच थांबलेलं तोंड बघत होती. पुढे काय येतं ते तिला पाठ होतं. शाळेच्या फाटकातून माणसं बाहेर पडत होती, कुणीतरी त्यांना हात केला. विश्वेशच्या चेहऱ्यावर घाम होता. तो शब्द शोधत होता, दुसरा कुठलातरी, आणि सात वर्षांत त्याला दुसऱ्या शब्दाची गरजच पडली नव्हती.

तिला त्याची दया आली. पण तिने त्याला शब्द सुचवला नाही.

"हो सांगते मी," ती म्हणाली.

ती मागे बसली. सीट तापली होती. विश्वेशने किक मारली; गाडी सुरू झाली नाही. त्याने आणखी एकदा मारली.