अंधुक ताऱ्याची पाळी

"भावजी, माझ्या रोपांना पोहायला शिकवताय होय?"

शेजारीण बांधावरूनच पाटकऱ्यावर कडाडली. तिच्या वाफ्यांत गुडघाभर पाणी, आणि खालच्या शेताला थेंब नाही.

आमच्या गावात पाटाचं पाणी ताऱ्यावर वाटतात. टेकडीवर ठळक ताऱ्यामागून एक अंधुक तारा वर आला, की पाटकऱ्यानं वरच्या शेताचं पाणी खालच्या शेताकडे वळवायचं. ठळक ताऱ्यावर पाळी ठेवून पाहिली होती. पण तो सगळ्यांनाच दिसायचा, त्यामुळे रोज भांडणं. अंधुक तारा सहज कुणाला दिसायचा नाही, तो पाटकऱ्यानंच बघायचा. न दिसणाऱ्या गोष्टीवरून भांडायला गाव कितीही तयार असलं, तरी ते जमेना.

"वीस वर्षांत चूक नाही, आणि या आठवड्यात तिसऱ्यांदा! दुसरा पाटकरी बघायला सांगू का गावाला?"

"सांगा, वहिनी," पाटकरी म्हणाला. "माझे डोळे केव्हाच अधू झालेत. ठळक तेवढं दिसतं. अंधुक तारा ही बघायची."

ही म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन दहा दिवस झाले होते. रोज पहाटे ती चहाची किटली घेऊन त्याच्यामागे उभी असायची. आम्ही म्हणायचो, काय नशीबवान आहे लेकाचा, शेतात चहा मिळतो!

शेजारणीनं पदरानं नाक पुसलं. "शाळेतले मास्तर सांगत होते, ठळक दिसतो तो कधीकधी नुसता जवळ असतो म्हणून. अंधुक त्याच्या शंभरपट मोठाही असेल. लांब असतो, एवढंच."

"किती लांब?"

"ते नाही विचारलं बाई."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती स्वतःच पाटावर आली. "मी बघते. गावाला कशाला सांगायचं?"

दोघं टेकडीकडे तोंड करून उभी राहिली.

"आला, भावजी."

पाटकऱ्यानं फावडं उचललं नाही.

"आला म्हणते ना! माझ्यावर विश्वास नाही?"

"तसं नाही. तिचं मी पहिल्यांदा कधी ऐकायचो नाही. ती दोनदा सांगायची."

शेजारीण त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "अहो, आला."

त्यानं माती फोडली. पाणी खालच्या शेताकडे निघालं, अगदी वेळेवर. आता फोडायला काही उरलं नव्हतं, तरी तो वाकून फावडं मारतच राहिला. आणि शेजारीण त्याच्याकडे पाठ करून टेकडीकडे बघत राहिली.