वरात सोडून पळालेली गाडी

इजिप्तमधल्या मिन्या शहरात नाइलकाठच्या रस्त्यानं शौकीची वरात मुंगीच्या पावलांनी चालली होती. पुढे ढोल, मागे पायी चालणारे पाहुणे आणि भोंगे वाजवणाऱ्या गाड्या, मधोमध त्याची जुनी पांढरी गाडी. मित्र चालवतो म्हणत होता, पण यानं हट्टानं स्टिअरिंग स्वतःकडे ठेवलं होतं. शेजारी इन्साफ, दुपारपासून त्याची बायको.

"तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघालाय," ती म्हणाली.

"त्यालाही आनंद झालाय."

"रेडिएटरचा पंखा चालतोय ना?"

शौकीनं उगाच ढोलवाल्यांना हात केला. पंखा रमजानपासून बंद होता. रोज हमरस्त्यानं भरधाव जाताना वाराच जाळीतून शिरून पाणी गार करायचा, त्यामुळे पंख्याची आठवण कुणाला? आज गाडी रांगत होती, त्यात मेव्हण्यांनी जाळीवर गुलाबांची गादीच बांधलेली.

"म्हणजे बंद आहे. हीटर लाव," इन्साफ म्हणाली; टॅक्सीवाल्याची लेक ती.

"ऑगस्टात?"

"इंजिनाची थोडी आग आपण घेऊ. सुखदुःख वाटून घेशील म्हणालास ना?"

तिचं काजळ ओघळलं, त्याचा कोट भिजला, तरी काटा चढतच राहिला. शेवटी शौकीनं उतरून गुलाब ओरबाडले. लोकांना वाटलं, नवी रीत असावी. त्यांनी टाळ्या पिटल्या.

"आता पळव," इन्साफ म्हणाली.

"आणि वरात?"

"येईल पायी. इंजिन गेलं तर आपणही पायीच."

ढोलवाल्यांनी बाजूला उड्या मारल्या. उसाच्या शेतांना वळसा घालेपर्यंत काटा निमूट खाली आला, आणि दोघं वरातीच्या आधीच मेजवानीच्या हॉलवर पोचले. तिथे नुसत्या खुर्च्या मांडणं चाललं होतं. पहारेकऱ्यानं जास्वंदीच्या गार सरबताचे दोन पेले दिले. दोघं पायरीवर बसले.

साखरपुड्यापासून प्रत्येक भेटीत इन्साफची दौलतमावशी मध्ये बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत असे. आज मध्ये कुणी नव्हतं, तर शौकी नुसता पेला फिरवत बसला.

"बोल की. फोनवर तर थांबत नाहीस."

"रागावलीस?"

"थोडी." तिनं त्याच्या टायलाच गाल पुसले. "पण इतकं एकटं बसायला मिळेल असं वाटलं नव्हतं."

तेवढ्यात वरात धापा टाकत आली. सगळ्यांत पुढे मावशी. "काय रे मेल्या, पोर पळवलीस? अरे, लग्न लावून दिलं होतं की!"

"मावशी, मीच पळवलं याला," इन्साफ म्हणाली, आणि कान लाल झालेल्या नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन गेली.