वाटी, ताट, परात

राठोड सरांच्या मार्क देण्याच्या पद्धतीवर दारव्ह्यात दोन मतं होती. पालकांचं मत असं, की हा माणूस कॉलेजात नको, सर्कशीत हवा. पोरांचं मत असं, की परीक्षा असावी तर अशी. खुशीला विचाराल तर तिचं मत दर रविवारी बदलायचं, कारण त्या पद्धतीत तिला आजवर कधी शून्य मिळालं नव्हतं आणि कधी वीसही मिळाले नव्हते.

पद्धत तशी साधी होती. भीमसिंग राठोड बारावी सायन्सला फिजिक्स शिकवायचे आणि रविवारी सकाळी निवडक सहा पोरांचा जादा वर्ग घ्यायचे. तिथे आधी उत्तर आणि मग प्रयोग. गोळी कुठे पडेल ते गणिताने काढायचं, जमिनीवर पसरलेल्या पांढऱ्या कागदावर त्या जागी भांडं पालथं घालायचं, भोवती पेन्सिलीने गोल मारायचा, आपलं नाव लिहायचं आणि भांडं उचलून घ्यायचं. मग गोळी सुटणार, तीही एकदाच. गोलात पडली तर मार्क, बाहेर पडली तर भोपळा. भांडं मात्र ज्याच्या त्याच्या पसंतीचं. वाटीला वीस, ताटाला चौदा, परातीला आठ. भांडी शेजारच्या शाळेच्या खिचडीच्या खोलीतली. ती सांभाळणाऱ्या सोनीबाई दर रविवारी किल्ली देताना विचारायच्या, "सर, पोराइले शिकवता का पंगत बसवता?"

"भांडं म्हणजे तुमचं अज्ञान," सर पोरांना सांगायचे. "जेवढं माहीत नाही तेवढं मोठं घ्या. कमी नाही, जास्त नाही. फक्त भिऊन घेऊ नका."

खुशी भिऊनच घ्यायची. चार रविवार, चार पराती, चार आठे बत्तीस. कपिल तिला 'परातबाई' म्हणायचा, तो स्वतः परातीखेरीज काही उचलत नसला तरी. आज पाचवा आणि शेवटचा प्रयोग होता. चाळीस झाले की जादा वर्गात राहायचं, नाही झाले की परत साध्या वर्गात, जिथे 'इम्पॉर्टंट' प्रश्न लिहून घ्यायचे आणि रट्टा मारायचा. म्हणजे हिशेब सरळ होता. आणखी एक परात मांडली की खुशीची जागा पक्की.

आणि ती जागा तिला हवीच होती. गावाहून भरलेल्या जीपमध्ये मांडीवर कोणाचं तरी पोर घेऊन यावं लागायचं, तरी सोमवारपासून ती रविवारची वाट बघायची. या वर्गात डोकं चालायला लागलं की तिला भूक आठवत नसे. हा वर्ग सुटला तर आपलं काय उरेल, हा विचारसुद्धा तिला नको वाटायचा.

आज टेबलावर पत्र्याची एक गुळगुळीत पन्हळ तिरकी बसवली होती. वरून लोखंडी गोळी सोडायची, ती पन्हळीतून खाली यायची, टेबलाच्या काठावरून उडायची आणि जमिनीवर पडायची. किती लांब पडेल ते सांगा, एवढंच. सरांनी उंच्या मोजू दिल्या आणि गोळी हातात घेऊन बघू दिली.

फैजचं उत्तर पाच मिनिटांत आलं. त्याच्या अब्बांचं आर्णी रोडला गॅरेज होतं आणि वर्गातला पहिला नंबर त्याच्याकडे जणू कायमचा गहाण होता. त्याने वाटी उचलली, कागदावर ठेवली, झोकात गोल मारला. त्याच्या गोलावरच निकिताने ताट मांडलं. मग रजतचं ताट, अस्माचं ताट. सगळ्यांचं उत्तर एकच आलं होतं, त्यामुळे सगळे एकदम निर्धास्त झाले. कपिलने गणित अर्ध्यात सोडून त्याच जागी परात पालथी घातली.

खुशीचंही उत्तर आधी तेच आलं होतं. पण गोळीवर गंजाचा एक तांबूस ठिपका होता. तिने गोळी बोटाने टेबलावर हळूच ढकलली, तेव्हा तो ठिपका वर आला, खाली गेला, परत वर आला. ती तिथेच थबकली. गोळी नुसती पुढे जात नव्हती, स्वतःभोवती फिरतही होती. मग फिरायला लागणारी ताकद कुठून येणार? पुढे जाण्याच्या वाट्यातूनच ना? तिने सगळं खोडलं आणि पुन्हा मांडलं. उत्तर वीतभर अलीकडे आलं. तिसऱ्यांदा केलं, तरी तेच. हे बरोबर असेल तर फैज चुकला होता, आणि फैज चुकतो ही गोष्ट दारव्ह्यात अजून कोणी ऐकली नव्हती.

"सगळ्याइचं तिकडं हाये, तू इकडं काहून मोजून राह्यली?" निकिताने कुजबुजत विचारलं.

"माह्यं इकडंच येते."

"मंग मधात परात ठेव ना. दोन्ही जागा येतात तिच्यात. तुले आठच तं पाह्यजे."

निकिता खोटं सांगत नव्हती. परात दोन्ही जागा पोटात घेऊन बसली असती आणि कोणीही बरोबर असलं तरी खुशीचे चाळीस झाले असते. खुशीने परात उचलली. तिचा काठ हाताला गार लागला आणि तिला एकाएकी स्वतःचा राग आला. आपल्याला उत्तर माहीत आहे. माहीत असून माहीत नाही असं कागदावर लिहायचं, तेही आपल्याच नावाने? हा भित्रेपणा नाही, ही चक्क थाप झाली. तिने परात खाली ठेवली आणि वाटी घेतली. घाईने मारलेला तिचा गोल एका बाजूला पोचा आलेला दिसत होता.

"चुकलं तर वर्ग सुटते तुया," सर तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले. "समजून करून राह्यली न?"

"हो सर," ती म्हणाली.

सरांनी कागदभर कार्बन पेपर अंथरले. आता एकही गोल दिसत नव्हता. गोळी पन्हळीच्या टोकावर आली आणि सरांनी बोट काढलं. खडखड, मग क्षणभर काहीच नाही, मग टप्प. कपिलने धावत जाऊन गोळी अडवली. सहाही डोकी कागदावर वाकली आणि सरांनी कार्बन उचलला.

काळा ठिपका खुशीच्या वाटीत होता. अगदी टेबलाकडच्या काठाला टेकून, पण आत.

एकदम सगळेच बोलायला लागले. रजतने टेबल मोजायला घेतलं, अस्मा वहीत आकडे तपासायला लागली. फैज मात्र त्या ठिपक्याकडे टक लावून उभा होता.

"तुक्का हाये सर," तो म्हणाला. "चार जणाइचं उत्तर एक आलं, ते चुकीचं कसं असन?"

"तिलेच विचार," सर म्हणाले.

खुशीने गोळी उचलली, गंजाचा ठिपका त्याला दाखवला आणि टेबलावर सोडली. "हे पाय. घसरत नाही, गडगडते. थोडी ताकद फिरण्यात जाते. तू सगळी पुढं जाण्यात लावली."

फैजने गोळी एकदा बघितली. मग त्याने स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि खदखदून हसायला लागला. "मी कसा येडा, या अल्ला. पयलाच धडा हाये तो बारावीचा." त्याने तिथल्या तिथे गणित फिरवलं. उत्तर वीतभर अलीकडे सरकलं.

सरांनी मार्क सांगितले. फैज, निकिता, रजत, अस्मा, शून्य. कपिलची परात एवढी ऐसपैस होती, की तिच्या कडेला का होईना, ठिपका सापडलाच. "कपिलले काहीच माहीत नव्हतं," सर म्हणाले, "पण आपल्याले माहीत नाही हे त्याले माहीत होतं. त्याचे आठ. खुशीचे वीस."

खुशीला हसावं की रडावं ते कळेना, म्हणून ती दोन्ही करत होती. बावन्न झाले होते. वर्ग तिचा होता. तेवढ्यात सर ठिपक्याजवळ बोट ठेवून म्हणाले, "पण मी असतो न, तं ताटच ठेवलं असतं."

हे कौतुक होतं की टोमणा, ते तिला समजलं नाही. तिने काठाला टेकलेल्या त्या ठिपक्याकडे पुन्हा बघितलं आणि तिचं रडू थांबलं.

"अजून एकदा सोडा सर."

"मार्क एकदाच भेटते."

"मार्क नको. पाहाचं हाये."

सरांनी परत कार्बन अंथरला. या वेळी सगळे पोटावर आडवे होऊन कागदाशी डोळे लावून पडून राहिले, फैज सगळ्यांत पुढे. आठ मार्कांसाठी घाम फुटणारी ही पोरं, आता एकाही मार्काची आशा नसताना एकमेकांना कोपरं मारत होती. गोळी सुटली, पडली, कार्बन उचलला. ठिपका वाटीच्या बाहेर होता, बोटभर टेबलाच्या बाजूला.

"बाप रे, मार्क नव्हते ते बरं झालं," निकिता म्हणाली.

खुशीने ऐकलंच नाही. ती दोन ठिपक्यांमध्ये पट्टी ठेवून बसली होती आणि तिचा चेहरा वीस मार्क मिळाले तेव्हापेक्षा जास्त फुलला होता. "दोन्ही बाजूनं नाही पडत सर. दोन्ही वेळा अलीकडंच. मंग अजून थोडी ताकद कोठंतरी जाऊन राह्यली. पन्हळीत घासून जात असन."

"किती जाते?"

"ते मले माहीत नाही," ती म्हणाली. हे वाक्य ती या वर्गात पहिल्यांदा ताठ मानेने बोलली होती.

तिने वाटी बाजूला ठेवली, ताट उचललं, टेबलाच्या दिशेने दोन बोटं सरकवून पालथं घातलं आणि भोवती गोल मारला. या वेळी गोलाला पोचा आला नाही. गोलाशेजारी तिने आपलं नाव लिहिलं.

"आता सोडा," ती म्हणाली.