तांबडं पाणी, हिरवं पाणी

रविवारच्या बाजारात बटाट्यांचे ढीग तसेच सोडून सगळं गाव एका माणसाभोवती जमलं होतं. मधोमध गावोगाव फिरणारा वैदू कासिमिरो; सगळे त्याला तायता, म्हणजे बाबा, म्हणत. बायका त्याच्या हाताचे मुके घेत होत्या, पुरुष टोप्या काढून उभे होते.

"हे डोंगराचं रक्त!" असं ओरडून त्याने जांभळ्या मक्याचं पाणी म्हाताऱ्या मेल्चोरच्या ओंजळीत ओतलं आणि त्यात अंगठा बुडवला. जांभळं पाणी हिरवं झालं! "डोंगर रागावलाय. एक अल्पाका आणून सोड, मग बघू." अल्पाका म्हणजे लोकरीचं जनावर, इथल्या गरिबाची सगळी पुंजी. मेल्चोरचं तोंड उतरलं. पुढची ओंजळ माझ्या धाकट्या बहिणीची, तेओफिलाची. तायताने पुन्हा अंगठा बुडवला आणि पाणी लालभडक झालं. "बरी झालीस पोरी! आता येत्या शनिवारची रात्र डोंगराच्या कुशीत काढ. पहाटे वरच्या तळ्यावर मी शेवटचा कौल घेतो. आणि त्या गोळ्या फेकून दे. गोळ्या नि डोंगर एका पोटात नांदत नाहीत."

गर्दीने हात जोडले, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी इथल्या शाळेत पंधरा वर्षं शिकवते आहे. तेओफिलाला क्षय झाला होता. सहा महिन्यांच्या गोळ्यांपैकी दोन महिने झाले होते, खोकला कमी झाला होता. ती कमाई गोळ्यांची, आणि श्रेय खाणार हा! अर्धवट सोडलेला क्षय दुप्पट जोराने उलटतो, हे आरोग्य केंद्रातली नर्स सांगून सांगून थकली. तेओफिलाने त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या.

"मी वर जाणार, ताई. तू अडवू नकोस."

"अडवत नाही. बरोबर येते. खिंडीत धाप लागून पडलीस तर बोचकं कोण उचलणार, डोंगर?"

शनिवारी सकाळी निघालो. पाठीवर पट्ट्यांच्या चादरीत बांधलेल्या घोंगड्या, ताडपत्री, उकडलेले बटाटे, चीज, साबणाची वडी, मक्याच्या पाण्याची बाटली आणि त्यात पिळायला लिंबं. खिंडीपर्यंत तेओफिला दर पन्नास पावलांवर थांबत होती. मी मागून चालत होते आणि तिचा प्रत्येक श्वास मोजत होते. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीचा रागही येत होता.

दिवस कलताना मेंढरांच्या दगडी वाड्याच्या आडोशाला ताडपत्री बांधली. चढणीभर मी थकवा घालवणारी कोकाची पानं चघळत होते. पानांसोबत आम्ही राखेचा खडा कुरतडतो, त्यामुळे इथे प्रत्येकाची बोटं राखाडी असतात. मी मगात मक्याचं पाणी ओतलं आणि खडा हातातून निसटून त्यात पडला. पाणी हिरवं झालं.

तेओफिला किंचाळली, "बघ! डोंगर तुझ्यावर रागावला!"

"डोंगर नाही गं, राख पडली." मी म्हणाले. मग डोक्यात प्रकाश पडला. हे पाणी पिताना त्यात लिंबू पिळायची आपली पद्धतच आहे, आणि लिंबू पिळलं की ते लाल होतं, हे कुठल्या पोराला माहीत नाही? मी दुसऱ्या मगात लिंबू पिळलं. लाल! तिसऱ्यात चिमूटभर राख. हिरवं!

"त्याच्या एका अंगठ्याला लिंबू, दुसऱ्याला राख. आपल्या सगळ्यांचीच बोटं मळलेली, मग त्याच्याकडे कोण बघतंय?"

तेओफिलाने तिन्ही मग एकेक करून निरखले. "त्याच्या हातात डोंगर आहे, ताई. तुझ्या हातात लिंबू," ती म्हणाली आणि पाठ करून झोपली. रात्रभर तिचा खोकला चालू होता.

पहाटे तळ्यावर चाळीसेक माणसं होती. मी बहिणीच्या पुढे घुसले. "आधी माझी ओंजळ!"

तायताने डावा अंगठा बुडवला. हिरवं! "बघा! शिकलेली! डोंगराला नावं ठेवणारी!"

गर्दीतल्या आमच्या शेजारणीकडे मी आधीच लिंबू देऊन ठेवलं होतं; तिला खुणावलं. तिने माझ्या ओंजळीत लिंबू पिळलं आणि पाणी लाल झालं. "झाले मी बरी? आणखी कुणाला बरं व्हायचंय? लिंबं भरपूर आहेत!" कुणीतरी फिसकन हसलं.

तायता मुरलेला होता. "पोरी, तुझ्या लिंबातसुद्धा डोंगरच आहे." लोकांनी माना डोलावल्या. आपण हरलो, असं मला वाटलं.

तेवढ्यात तेओफिला पुढे आली. तिच्या हातात साबणाची वडी होती.

"तायता, समोर तळं आहे. हात धुवा, आणि मग माझ्या ओंजळीत बुडवा. पाणी लाल झालं तर मी जन्मात गोळी घेणार नाही."

"डोंगराला साबण चालत नाही."

"साबण चालत नाही, अन् माझा अल्पाका चालतो होय रे?" मेल्चोर गरजला. मग हशा पिकला. तायता बोचकं आवरू लागला. तरीही दोन बायकांनी त्याचे हात चुंबलेच, आणि एकाने मला शिव्या दिल्या. देऊ दे.

आम्ही थेट आरोग्य केंद्रात उतरलो. नर्सने तेओफिलाला भरपूर झापलं, थुंकी तपासायला घेतली आणि उपचार पुन्हा सुरू केले. सात दिवसांचा खंड पडला होता. महिनाभर उशीर केला असता तर काय झालं असतं, ते तिने मला बाजूला घेऊन सांगितलं. ते मी बहिणीला अजून सांगितलेलं नाही.

पाण्याचा रंग पाण्यात काय पडलंय तेवढंच सांगतो. छातीत काय आहे ते तपासणी सांगते. डोंगराला मीही मानते. तो आम्हाला पाणी देतो, चारा देतो. पण त्याने अजून कुणाकडे अल्पाका मागितलेला मी ऐकलं नाही. मागतात ती माणसंच. म्हणून कुणी चमत्कार दाखवायला लागलं, तर त्याच्या पाया पडू नका. त्याला आधी हात धुवायला सांगा.