एकतीस जणींची हनुवटी

थांबा, लगेच बसू नका. तुम्ही बसलात की मी कुरकुरते आणि तुम्ही बोलता. आज उलटं होऊ दे. मी बोलतेय, फोटो स्टुडिओतली फिरती खुर्ची. पाठ नाही, हात नाहीत. गोल बूड आणि चार पाय, एवढाच माझा संसार.

मला घडवलं एका वेल्डरनं, तेही दातांच्या डॉक्टरसाठी. पण मी फिरताना 'कुईं' करायचे आणि बाहेर बसलेल्यांना वाटायचं, आतल्याची दाढ निघाली. तीन दिवसांत माझी हकालपट्टी झाली. मग फोटोवाल्यानं मला उचललं, निळं रेक्झिन चढवलं आणि पांढऱ्या पडद्यापुढे मांडलं.

या फोटोवाल्याला सगळे 'सर' म्हणतात. शिकवलं त्यानं कुणाला काही नाही, पण सर म्हटलं नाही तर फोटो तिरका येतो. सरांचं इंग्रजी चार शब्दांचं : लेफ्ट, राइट, स्माइल आणि चिन. त्यातल्या चिनवर त्यांचा फार जीव. "चिन अप! चिन डाऊन!" अशा रुबाबात म्हणतात की वाटावं, आत्ताच विमानातून उतरलेत.

चिन म्हणजे हनुवटी, हे कळायला मला दोन वर्षं लागली. बसणाऱ्यांचं काय सांगू? कुणी नाक वर करायचं, कुणी खांदे. एक वकील तर चक्क उठून उभा राहिला. पण "चिन म्हणजे काय हो?" असं एकानं विचारलं असेल तर शपथ! शिकलेल्यांचं तर नावच काढू नका. विचारलं की शिक्षण उघडं पडतं ना! सगळे "हो हो" म्हणतात आणि वळवळत बसतात. स्क्रू ढिला होतो तो माझा.

मग एके दिवशी इस्पितळाच्या धुलाई विभागातल्या एकतीस बायका आल्या. तिथं नवं फाटक बसलं होतं, फोटोचं कार्ड लावलं तरच उघडणारं. एक तारखेपासून कार्ड नाही तर काम नाही.

पहिली बसली चादरींच्या घड्या घालणारी अक्का, सगळ्यांत वडील. "चिन अप!" सर ओरडले. अक्का दचकली, भुवया कपाळाला भिडल्या. सरांचा एक डोळा मोबाइलवर, एक कॅमेऱ्यावर. "ओके! नेक्स्ट!"

बाकावर जाऊन अक्कानं विद्यादान केलं, "सोपं आहे गं. चिन म्हणजे भुवया. तो ओरडला की वर करायच्या."

झालं! एकामागून एक आल्या, माझ्यावर बसल्या आणि भुवया चढवून गेल्या. हनुवट्या मात्र कॉलरमध्ये रुतलेल्या.

शेवटी आली इस्त्रीबाई. हात भाजल्याच्या डागांनी भरलेले, जीभ इस्त्रीपेक्षा गरम. पण त्या दिवशी तिचं सगळं अंग ताठलेलं होतं. अकरा वर्षं तिची रोजंदारीवर गेली होती. बारा सलग झाली की कायम. मधे एका दिवसाचा खाडा पडला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तिनंच तेवढं विचारलं. "सर, चिन म्हणजे नक्की काय? अक्का भुवया म्हणते, मला काही पटत नाही."

"एवढंही येत नाही? माझा वेळ खाऊ नका. बाहेर सगळ्यांना कळलंय, त्यांना विचारा!"

तीस जणींपुढे एकटी काय करणार? तिनंही भुवया उचलल्या.

पाचव्या दिवशी सगळ्या परत, दात-ओठ खात. महिना संपायला दोन दिवस उरले होते. इस्पितळाच्या कार्ड बनवणाऱ्या यंत्रानं एकतीसच्या एकतीस फोटो नाकारले होते. कारकुनानं कारण वाचून दाखवलं, "चिन दिसत नाही." त्यावर अक्का त्याच्याशीच भांडून आली होती. "अहो, कपाळ संपलं! आणखी कुठं चढवू?"

सर हात झाडून मोकळे. "अडाण्यांचे फोटो काढायचे म्हणजे डोकेदुखी!"

इस्त्रीबाई माझ्यावर येऊन बसली. इतकी गच्च, की मला कुईं करायची छाती झाली नाही.

"अडाणी कोण ते मागाहून ठरवू. मी तोंड उघडून विचारलं होतं. तुम्ही काय म्हणालात? बाहेर विचारा. आता सांगा, आपल्या भाषेत काय म्हणतात चिनला?"

सरांनी तोंड उघडलं. शब्द येईना. वीस वर्षं न वापरलेला शब्द कुठला यायला? "ते... हे खालचं... ओठांच्या खाली..." करत दाढी चाचपत राहिले.

"अगं बाई, हनुवटी!" अक्का बाकावरून किंचाळली आणि कपाळावर हात मारून घेतला. अख्खा बाक हसला.

इस्त्रीबाई हसली नाही. "माझी अकरा वर्षं पाण्यात चालली होती, सर. एक शब्द सांगायला तुमची जीभ झिजत होती?"

सर खाली बघू लागले. त्यांची चिन पार डाऊन.

मग बाई माझ्यावरून उठली आणि कॅमेऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. एकेकीला बसवलं, लेकराचं तोंड पुसावं तसं दोन बोटांनी हनुवटी उचलली. "वर. आणखी. अक्का, पुरे, छत नाही बघायचं!" सरांना फक्त बटण दाबायचं काम. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो पास झाले. एक तारखेला फाटक उघडलं, एकतीस वेळा.

वर्ष झालं त्याला. परवा इस्त्रीबाई पुन्हा आली, गळ्यात कायमचं कार्ड, बरोबर इंग्रजी शाळेत शिकलेली लेक. लेकीला कॉलेजच्या कार्डासाठी फोटो हवा होता. सर आता सुधारलेत. अदबीनं म्हणाले, "हनुवटी वर घे, बेटा."

पोरीनं झटकन भुवया उचलल्या.

इस्त्रीबाईनं कपाळाला हात लावला. "चिन गं माझे आई, चिन अप!"

पोरगी हसली आणि तिची हनुवटी बरोबर जागेवर आली. मला वाटलं, सर चिडवतील. पण ते म्हणाले, "असू दे, मलाही हा शब्द आठवत नव्हता."

आता माझं रेक्झिन फाटलंय, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. आजकाल लोक भिंतीला टेकून मोबाइलवरच फोटो काढतात, त्यामुळे माझे दिवस भरत आलेत. जायच्या आधी एवढंच सांगते. माझ्यावर बसाल तेव्हा समजलं नाही तर विचारा. मी अजून एकालाही विचारल्याबद्दल पाडलेलं नाही. आणि कुणी विचारलं तर सांगा, बाबांनो. बाहेर पाठवू नका. बाहेर अक्का बसलेली असते.

हं, आता बसा.